एकसष्ट नंबरच्या झाडाची साल

लेओंतिनाला झाडाची साल सोलण्याचे काम वयाच्या अकराव्या वर्षापासून येत होते. तिची आई, दोन मावश्या आणि ती, अशा चौघी बाहिया प्रांताच्या दक्षिण भागात लाकूडतोड्यांच्या टोळीमागून फिरत. पुरुष निलगिरी पाडत आणि बायका ओंडके सोलत. ताज्या पाडलेल्या झाडाची साल बुंध्याकडून कोयत्याच्या टोकाने उचकटायची, दोन्ही हातांत धरायची आणि ओढत मागे मागे जायचे. झाड ओले असेल तर साल केळ्यासारखी शेंड्यापर्यंत निघते. लेओंतिना मला म्हणायची, "दोना क्लेलिया, आयुष्यात मी पुढे चालले त्यापेक्षा मागेच जास्त चालले." (आमच्याकडे बाईच्या नावाआधी आदराने दोना लावतात आणि पुरुषाच्या नावाआधी सेऊ.)

ती आमच्याकडे, एस्पिरितो सान्तोच्या उत्तर भागात, १९७९च्या जानेवारीत आली. नवरा ट्रक घेऊन अमेझॉनकडे गेला होता आणि दोन वर्षांत त्याचा निरोपही नव्हता. बरोबर चार वर्षांची मुलगी होती, निल्झा. निल्झाला दमा होता. हवा दमट झाली की तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येई. ज्या कागद-कंपनीची ती राने होती तिचा दवाखाना आमच्या चर्चशेजारीच होता, पण तो कायम कामगारांच्या मुलांसाठी. रोजंदारीवरच्या बायकांची मुले बाहेरच्या बाकापर्यंतच येऊ शकत. म्हणून लेओंतिनाला एकच गोष्ट हवी होती: तिच्या कामगार-पुस्तिकेवर कंपनीची सही, म्हणजे कायम नोकरी.

ती सही मिळण्याचा रस्ता माझ्या नवऱ्याच्या रोपवाटिकेतून जात होता.

बेर्तो त्या वेळी एक नवेच काम उभे करत होता. कंपनीच्या निलगिरीच्या रानांना रोग लागला होता. बुंध्याजवळची साल फुटायची, डिंक गळायचा, आणि तीन-चार वर्षांचे झाड जोराच्या वाऱ्याने जखमेपाशी मोडून पडायचे. कागदाच्या कारखान्याला लाकूड कुठून द्यायचे हा सगळ्यांपुढचा प्रश्न होता. पण रोगट रानातही हजारात एखादे झाड असे निघे की त्याच्या बुंध्यावर ओरखडाही नसे. बेर्तो अशी झाडे शोधून त्यांच्यावर पांढरा पट्टा ओढायचा आणि नंबर घालायचा. एकसष्ट नंबरचे झाड त्यातले सर्वांत चांगले. भोवतीची सगळी झाडे आजारी, आणि हे मधोमध सरळसोट, शेजाऱ्यांपेक्षा दोन पुरुष उंच.

एकदा जेवताना त्याने मला सांगितले की ते झाड तो पाडणार आहे.

"पाडणार? आणि वाचवायचं होतं ना ते?"

"वाचवायलाच पाडतोय."

"बेर्तो, तू उन्हातून आलास. आधी पाणी पी."

तो हसला आणि घेवड्याच्या कालवणात कसाव्याचे पीठ कालवत समजावू लागला. "बी पेरलं तर पोरं येतील, पण ती आईसारखी निघतीलच असं नाही. मला तेच झाड हवंय, हुबेहूब. त्यासाठी फांदी लावायला पाहिजे. पण वरच्या फांदीला मूळ धरत नाही, ती म्हातारी झालेली असते. झाड कापलं की खुंटाला खालून कोवळे फुटवे येतात. झाड तेच, वय बाळाचं. त्याला मूळ धरतं."

"आणि फुटवे आलेच नाहीत तर?"

"मग झाडही गेलं आणि मीही," तो म्हणाला. मुख्य अधिकारी डॉक्टर एवेराल्दो यांचा या प्रकाराला विरोध होता. (ते औषध देणारे डॉक्टर नव्हते. आमच्याकडे शिकलेल्या साहेबाला डॉक्टरच म्हणतात.) त्यांना बी हवे होते. बेर्तोने महिनाभर मागे लागून परवानगी मिळवली होती.

छाटकलमांच्या कामाला त्याने साल सोलणाऱ्या बायकांतून सहाजणी निवडल्या. लेओंतिनाला निवडले, कारण तिने सोललेल्या ओंडक्यावर कोयत्याचा एकही घाव दिसत नसे. काम जमले तर वर्षाच्या आत सही, असे ठरले.

झाड पाडले त्या दिवसाची, बुधवार १४ मार्चची, माझ्या रोजच्या वहीतली नोंद लहान आहे: "ऊन. ६१ पाडले. बेर्तो जेवला नाही." काय झाले ते मला तुकड्यातुकड्यांनी कळले, म्हणून सलग लिहिते.

बेर्तोने खुंट दीड वीत उंच ठेवायला सांगितला होता आणि तो तसाच ठेवला गेला. फक्त झाड कलंडताना एका बाजूला सालीची हातभर जीभ सुटून लोंबत राहिली. फांद्या उचलायला आलेली लेओंतिना जवळच उभी होती. ओल्या झाडाची सुटलेली साल लोंबताना दिसली, आणि अठरा वर्षांच्या सवयीने तिचे हात पुढे गेले. तिने ती जीभ धरली आणि मागे सरत ओढली. सर्र आवाज झाला. खुंटाची अर्ध्याहून जास्त साल थेट मातीपर्यंत निघून तिच्या हातात आली.

टोळीचा मुकादम ओझियास आधी हसला. "वा! बाईसाहेबांनी खुंटाचं लुगडंच फेडलं!"

मग त्याने बेर्तोचे तोंड पाहिले आणि तो गप्प झाला. फुटवे सालीखालून येतात. साल गेली तिथे लाकूड फक्त वाळते, हे त्या रानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते. लेओंतिनालाही.

"मी केलं," ती म्हणाली.

बेर्तोने ओले गोणपाट खुंटावर टाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "झाड पडताना साल निघाली. बस." अहवालातही त्याने एवढेच लिहिले.

त्यानंतर लेओंतिना रोज काम सुटल्यावर निल्झाला पाठुंगळी घेऊन पाऊण तास चालत त्या खुंटापाशी जायची. पानकाप्या मुंग्यांची तिला भीती होती, कारण कोवळा कोंब त्या एका दिवसात फस्त करतात. तिने जुना टायर मधोमध चिरून घेतला, त्याचे पन्हळीसारखे गोल कडे खुंटाभोवती मातीत बसवले आणि त्यात पाणी भरून ठेवले. मुंग्या काठापर्यंत येत आणि परत फिरत. निल्झा त्या पाण्यात पानांच्या होड्या सोडी. ओझियास जाता-येता ओरडायचा, "काय गं, म्हाताऱ्याला आंघोळ घातलीस का आज?" ती उत्तर द्यायची, "घातली. तुमची वेळ आली की कळवा, सेऊ ओझियास. पण तुम्हाला एक टायर पुरायचा नाही!"

तिसऱ्याच दिवशी तिने बेर्तोला एक गोष्ट सांगितली होती. "सेऊ बेर्तो, साल ओढताना मातीखाली ती अडली. तिथे गाठ असणार. साल जिथे अडते तिथे ती लाकडाला धरून असते. थोडी माती उकरू का? उजेड तरी लागेल."

"हात लावू नकोस," बेर्तो म्हणाला. "मुळं उघडी पडली तर सुकतील." तो वाईट बोलला नाही, पण एकदा हात लावून झाला आहे हे त्या शब्दांत होतेच. तिने पुन्हा विषय काढला नाही.

मार्च संपला. ईस्टर झाला. खुंट राखाडी पडला. बुधवारी, २५ एप्रिलला, डॉक्टर एवेराल्दो स्वतः पाहायला आले. त्यांनी बुटाच्या टोकाने खुंटाला टोचले.

"बेर्तो, तुमचं झाड ठार मेलंय."

"अजून दोन आठवडे द्या, डॉक्टर."

"सहा दिले. पुढच्या बुधवारी या रोगट रानात ट्रॅक्टर घालतोय, सगळे खुंट उपटून टाकायला. तुम्ही लाकडाच्या वखारीवर जा. आणि ही कलमांची हौस पुरे झाली. त्या सहा बायकांना सोलायला परत पाठवा."

शुक्रवारी दुपारी लेओंतिना माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आली. निल्झाला तिने पायरीवर बसवले होते. पोरीची छाती वाजत होती. मी कॉफी दिली. तिने ती प्यायली नाही.

"दोना क्लेलिया, तुम्ही नन्सच्या शाळेत शिकलात. तुमचं अक्षर चांगलं. मला एक पत्र लिहून द्या."

"कुणाला?"

"डॉक्टरांना. साल मी ओढली म्हणून. सेऊ बेर्तोंची पद्धत चुकीची नव्हती, माझा हात चुकीचा होता. हे कळलं तर ते त्यांना वखारीवर पाठवणार नाहीत. बाकीच्या पाचजणीही राहतील."

"आणि तू?"

"मी सोलायला जाईन. येतंच की मला."

निल्झा बाहेर खोकत होती. मी तिला "नको" म्हणायला हवे होते, किंवा निदान "बेर्तोला विचारू" एवढे तरी. मी तसे काहीच म्हटले नाही. बेर्तोला वखारीवर जावे लागणार नाही, हा एकच विचार माझ्या मनात होता. मी उठले आणि पेनात शाई भरली.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. सिस्टर्सनी छडीने वळवलेले माझे अक्षर त्या दिवशी फारच सुरेख आले. खाली तिने अंगठा उमटवला. "तुम्हीच द्याल का?" तिने विचारले. मी जरा जास्तच चटकन "देते" म्हणाले.

शनिवारी सकाळी दार उघडले तर लेओंतिना उभी. "द्या ते पत्र. मीच देते. नाहीतर लोक म्हणतील, बायकोनं नवऱ्यासाठी दुसरीच्या नावानं लिहिलं. तुम्हाला कशाला त्यात?" मी पत्र दिले. तिच्याकडे पाहण्याचे धाडस मला झाले नाही.

डॉक्टर एवेराल्दोंनी ते आपल्या ओसरीवर उभ्यानेच वाचले. "तुझा प्रामाणिकपणा चांगला आहे," ते म्हणाले, "पण प्रामाणिकपणाला पालवी फुटत नाही. सोमवारपासून टोळीत जा. बेर्तोंचं मी बघतो."

ही बातमी ओझियासच्या तोंडून बेर्तोपर्यंत दुपारीच पोचली. तो घरी आला तेव्हा मी भाजी चिरत होते.

"पत्र कुणाच्या अक्षरात होतं, क्लेलिया?"

"माझ्या."

"मी दीड महिना तिचं नाव घेतलं नाही," तो म्हणाला. "आणि तू शाई पुरवलीस." आमच्या एकतीस वर्षांच्या संसारात तो माझ्याशी इतक्या हळू आवाजात ना त्याआधी बोलला, ना त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तो सरळ लेओंतिनाकडे गेला. मी त्याच्या मागे.

"तू म्हणाली होतीस साल मातीखाली अडली. नक्की?"

"माझे हात दुसरं काही शिकलेले नाहीत, सेऊ बेर्तो."

"उकरलं तर मुळं सुकतील."

"बुधवारी ट्रॅक्टर आला की ओली राहणार आहेत का?"

बेर्तोने टोपी डोक्यावर घातली. मग मला म्हणाला, "घरातून चमचा आण. फावडं नको."

आम्ही रविवारच्या कपड्यांतच रानात गेलो. लेओंतिनाने बूट काढून ठेवले आणि खुंटाच्या उघड्या बाजूला गुडघ्यांवर बसली. माझ्या साखरेच्या चमच्याने ती माती खरवडू लागली, अगदी लहान मुलाच्या कानातला मळ काढावा तशी. चार बोटे खाली गेल्यावर तिने चमचा टाकला आणि बोटाने चाचपू लागली.

"ही बघा. इथे अडली होती."

खुंट मातीखाली जरा फुगला होता, आणि त्या फुगीर भागावर साल शाबूत होती, ओली, चिकटलेली. तिने बोटाने माती पुसली. सालीवर बारीक गुलाबी फुगवटे होते, मसुराच्या डाळीएवढे. मी मोजले: सात. दोन तर मातीखाली वाकून उजेडाकडे वळायला निघाले होते.

निल्झा टायरच्या पाण्यात हात घालून बसली होती, तिने विचारले, "आई, तू रडतेस का?"

"नाही गं, माती गेली डोळ्यात."

"चमच्याने?" पोरीने विचारले, आणि बेर्तो इतका मोठ्याने हसला की त्याला खाली बसावे लागले.

सोमवारी सकाळी त्याने डॉक्टरांना जीपमध्ये घालून आणले. डॉक्टर एवेराल्दो गुडघ्यांवर बसले; पांढऱ्या पँटीची पर्वा केली नाही. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "इथे उकरायचं कुणी ठरवलं?"

"हिने. तिसऱ्या दिवशीच सांगत होती," बेर्तो म्हणाला. "मी ऐकलं नाही."

ट्रॅक्टर पुढे ढकलला गेला. लेओंतिना टोळीत गेली नाही. कुणी तिला जा म्हणाले नाही आणि कुणी राहा असेही म्हणाले नाही. मे महिन्यात सातांचे अकरा फुटवे झाले. जूनअखेर ते कोपरभर उंच झाल्यावर तिने ते स्वतः कापले. प्रत्येक तुकड्याला दोन पाने, प्रत्येक पान अर्धे कातरलेले, बूड मूळ फुटायच्या पावडरीत बुडवून मातीच्या पिशवीत. एकूण चौपन्न कलमे झाली. ती सावलीच्या जाळीखाली फवाऱ्याच्या धुक्यात ठेवली. बेर्तो रोज ती उपटून बघायच्या मोहात असे, आणि लेओंतिना रोज त्याच्या हातावर चापटी मारायच्या बेतात. "भात शिजताना झाकण काढता का सारखं? मग?"

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पिशव्यांच्या भोकांतून पांढरी मुळे बाहेर दिसू लागली. चौपन्नपैकी एकोणचाळीस. एकाच झाडाची एकोणचाळीस रोपे, पानेसुद्धा एकाच कोनात वळलेली. लेओंतिना त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "सगळ्यांची तोंडं सारखी. हजेरी कशी घ्यायची आता?"

चेष्टेत बोलली, पण अडचण खरी होती आणि डॉक्टर एवेराल्दोंच्या डोक्यात तीच घोळत होती. पुढे शंभर झाडांचे फुटवे एकाच जाळीखाली येणार. रोपे नुसत्या नजरेने ओळखू येत नाहीत. पिशवीवरची नंबराची एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली तर रोगट झाडाची लाखभर रोपे रानात जातील आणि पाच वर्षांनी कळेल. त्यांनी बेर्तोला विचारले, चिठ्ठ्या कुणाकडे द्यायच्या?

"तुम्हीच सांगा."

डॉक्टरांनी फायलीतून ते पत्र काढले. माझेच अक्षर, खाली तिचा अंगठा. "चिठ्ठी चुकली तर लपवणार नाही असा माणूस मला पाहिजे," ते म्हणाले. "असा एकच माझ्याकडे लेखी आहे."

त्याच दिवशी तिच्या कामगार-पुस्तिकेवर सही झाली. संध्याकाळी ती निल्झाला घेऊन दवाखान्यात गेली आणि आतल्या बाकावर बसली. नर्सने नाव पुकारले तेव्हा निल्झा नाही, लेओंतिनाच दचकून उभी राहिली.

चिठ्ठ्या मिळाल्या, पण तिला वाचता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. "दोना क्लेलिया, आकडे शिकवा. अक्षरं नंतर." मी शिकवले. जेवणाच्या सुट्टीत ती यायची, कॉफी प्यायची आणि लिहायची. सहाचा आकडा ती बरेच दिवस उलटा काढी. चार महिन्यांत ती शंभरापर्यंत आली, वर्षभरात नावे वाचू लागली. सत्तावीस वर्षे तिने त्या रोपवाटिकेच्या चिठ्ठ्या सांभाळल्या. एकदा शंका आली म्हणून आठशे रोपे तिने स्वतः खड्ड्यात टाकली आणि स्वतःच जाऊन सांगितले. मुकादम झालेल्या तरुण पोरांना ती म्हणे, "रोप मेलं तर देव बघेल. चिठ्ठी मेली तर मी बघेन."

आता आमच्या भागात एकसष्टची लेकरे क्षितिजापर्यंत आहेत. काही लोक त्या एकसारख्या रांगांना नावे ठेवतात, आणि त्यांचे म्हणणे मला अगदीच खोटे वाटत नाही. पक्षी तिथे कमी ऐकू येतात. पण बुंधे स्वच्छ आहेत. कारखाना चालला आणि त्यावर आमच्या गावातली घरे चालली. निल्झा आज शाळेत शिकवते.

बेर्तो जाऊन आता अकरा वर्षे झाली. लेओंतिना गुरुवारी येते. तिला आता कमी ऐकू येते आणि मला कमी दिसते, म्हणून ती मला वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि मी तिच्या कानाशी ओरडून उत्तर देते. गेल्या महिन्यात जुन्या वह्या चाळताना २७ एप्रिल १९७९चे पान निघाले. त्यावर मी फक्त लिहिले होते: "लेओंतिना आली. पत्र लिहिले." बाकी काहीच लिहायचे मला त्या दिवशी सुचले नव्हते.

गुरुवारी मी तिला सांगितले. पेनात शाई भरताना मी निल्झाचा खोकला ऐकत होते, आणि तरी भरली, हे सगळे. चाळीस वर्षांहून जास्त काळ ते कुणाला सांगितले नव्हते.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली.

"ठाऊक होतं?"

"म्हणून तर सकाळी पत्र परत न्यायला आले. तुमच्या हातून गेलं असतं तर तुम्ही मला परत कधी कॉफी दिली नसती. शरमेनं तोंडच दाखवलं नसतं. मग मला आकडे कुणी शिकवले असते?"

मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, मग दुसऱ्या हाताने वर्तमानपत्र उलगडले आणि पाऊस-पाण्याच्या बातमीपासून वाचायला सुरुवात केली.